बर्फ-सरक पेटी: पेटी घ्या, पुस्तिका कपाटात ठेवा

हिमनदी आपल्या तळावरून कशी सरकते हे दाखवणारी ही पेटी शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी ऑनलाइन मिळते. साचा एकच, लेबलं दोन-तीन. त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही, वर्णनावरून ओळखा. ६० सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि १० खोल अशी पारदर्शक ॲक्रिलिकची पन्हळ. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला ३० अंशांपर्यंत उचलणारा स्क्रू, बाजूला कोनमापक. आत बसवायचे तीन तळ: एक गुळगुळीत स्टीलचा पत्रा, एक लाटालाटांचा प्लास्टिकचा पाट, आणि तिसरा ३ सेंटिमीटर खोल, जाळीच्या बुडाचा गाळ-ट्रे, ज्यात खालून नळीने पाणी सोडता येतं. शिवाय १ किलो बर्फ बसेल असा ॲल्युमिनियमचा साचा (२० × १० × ५.५ सेंटिमीटर), १० न्यूटनचा स्प्रिंगकाटा, हाताने फिरवायची चरखी, वाळूच्या तीन पुड्या, पांढऱ्या गोंदाची बाटली, टाकणखार (बोरॅक्स), तांब्याची तार, दोन वजनं आणि एक पुस्तिका. सगळं मिळून साडेचार हजारांच्या घरात.

आधीच सांगून टाकतो: यातले निम्मे पैसे एकट्या गाळ-ट्रेसाठी द्यायचे, आणि तो ट्रे तेवढ्या मोलाचा आहे. बाकीच्या वस्तू कमीअधिक कामाच्या. पुस्तिका मात्र विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका, कारण तिच्यात मुळातलीच एक गोष्ट उलटी शिकवली आहे. त्यावर पुढे येतो.

पहिली अडचण गोव्याच्या हवेची. ही पेटी जिथे खोलीत १८-२० अंश असतात अशा जागेसाठी बेतलेली दिसते. पणजीत किंवा मडगावात एप्रिल-मेमध्ये बंद वर्गात ३२ अंश आणि वर दमटपणा. १ किलोची लादी तासाभरात पाव ते एक तृतीयांश विरघळते. बर्फाखाली सतत पाण्याचा पातळ थर असतो, आणि काटा दाखवतो तो रोध तळाचा की त्या वितळलेल्या पाण्याचा, काही कळत नाही. उपाय सोपा आहे. मासळी न्यायची थर्मोकोलची पेटी आडवी कापून पन्हळीभोवती बसवा, ट्रेमधला गाळ आणि नळीतलं पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा, पंखा बंद करा. एका लादीवर वीस मिनिटांपेक्षा जास्त काम करू नका. साचा एकच दिला आहे ही कंजुषी. तीन तरी लागतात. स्टीलचा आयताकृती डबा त्याच मापाचा मिळाला तर काम भागतं.

दुसरी चूक हमखास होते ती उलट्या बाजूने. फ्रीझरमधून काढलेली लादी उणे १५-१८ अंशांवर असते. ती तशीच ओल्या गाळावर ठेवली की गाळातलं पाणी तिला गोठून चिकटतं, आणि मग १० न्यूटनचा काटा शेवटपर्यंत ताणला तरी लादी हलत नाही. काटा बिघडला असं वाटून लोक तो परत पाठवतात. लादी बाहेर काढल्यावर तिचा पृष्ठभाग पिठूळ पांढरा दिसतो. तो ओला होऊन काचेसारखा चमकू लागेपर्यंत थांबायचं, साधारण पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा ती शून्यावर आलेली असते. (खरं तर ही चूक मुद्दाम एकदा करून दाखवावी. ध्रुवीय भागात पातळ, थंड बर्फ तळाशी गोठून बसलेला असतो आणि जवळजवळ सरकतच नाही. तळ वितळबिंदूला पोचलेली हिमनदी सरकते. पुस्तिकेने हा फरक एका ओळीत उरकला आहे.)

बर्फ विकत आणायचा तर मालिम जेटीवर किंवा वास्कोला ट्रॉलरसाठी येणाऱ्या कारखान्याच्या लादीतून करवतीने तुकडा कापून घ्या. घरच्या बर्फापेक्षा तो घट्ट असतो. फक्त पाण्याखाली नीट धुऊन घ्या. या लाद्या मिठाच्या गार पाण्यात बुडवलेल्या डब्यांत गोठवतात, बाहेरच्या अंगाला मीठ राहू शकतं, आणि मीठ लागलं की वितळबिंदू खाली जातो. मासळीवर टाकायचा चुरा चालणार नाही.

स्टीलच्या पत्र्याबद्दल फार बोलायला नको. ओल्या पत्र्यावर लादी दोन अंशांच्या आतच निघते. वर्गात टाळ्या पडतात, शिकायला काही मिळत नाही. असा आरशासारखा तळ कुठल्याही हिमनदीखाली नसतो.

लाटांच्या पाटाकडून अपेक्षा होती. हिमनदी कठीण खडकावरून कशी जाते याचं गणित १९५७ मध्ये योहानेस वीर्टमन यांनी मांडलं, आणि ते मुळात उंचवट्यांचंच गणित आहे. गुळगुळीत भागावर पाण्याचा थर असल्याने रोध जवळजवळ नसतो. अडवतात ते उंचवटे. छोट्या उंचवट्याच्या वरच्या अंगाला दाब वाढतो, बर्फ किंचित वितळतो, पाणी वळसा घालून मागे जातं आणि तिथे पुन्हा गोठतं. मागे गोठताना निघालेली उष्णता खडकातून पुढे येते आणि पुढचं वितळणं चालू ठेवते; म्हणून उंचवटा जितका लहान, तितकं हे सोपं. मोठ्या उंचवट्याला ही उष्णता पोचत नाही, पण तिथे बर्फ स्वतःच चिकट पदार्थासारखा वाकून वळसा घालतो. सगळ्यात जास्त अडवतो तो मधला आकार, ढोबळमानाने सेंटिमीटर ते मीटर यांच्या दरम्यानचा. हे सगळं या पाटावर बर्फाने दिसत नाही, कारण दाबच नाही. १ किलोची लादी २०० चौरस सेंटिमीटरवर पसरली की दाब होतो ४९० पास्कल. २०० मीटर जाड बर्फाखाली तो १८ लाख पास्कल असतो, म्हणजे साडेतीन हजार पटींहून जास्त. नॉर्वेत स्वार्टिसेनच्या एंगाब्रीन हिमनदीखाली खडकात खोदलेली प्रयोगशाळा आहे, तिच्या डोक्यावर साधारण एवढाच बर्फ आहे. तिथे जे दिसतं ते पाटावर दिसेल ही आशा पुस्तिकेने लावू नये. आपल्या पाटावर लादी लाटेच्या माथ्यावर टेकते, खोलीच्या उष्णतेने तिथे खड्डा पडतो आणि ती बसते. एवढंच.

या पाटावर चालतो तो गोंदाचा लगदा. २०० मिलीलिटर पांढरा गोंद आणि १५० मिलीलिटर कोमट पाणी एका भांड्यात. दुसऱ्यात १०० मिलीलिटर कोमट पाण्यात दोन छोटे चमचे टाकणखार पूर्ण विरघळवून. मग दुसरं पहिल्यात थोडं थोडं घालत मळायचं. हाताला चिकटणं थांबलं की टाकणखाराचं पाणी घालणं थांबवा, उरलं तर उरू द्या. जास्त झालं की लगदा तुटतो, वाहत नाही. पेटीतला टाकणखार संपला की लोक कॅरमची पावडर घालतात आणि मग गोंद घट्ट का होत नाही म्हणून विचारतात. ती बहुधा बोरिक पावडर असते, टाकणखार नव्हे; बोरिक आम्लाचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं आणि गोंदाच्या साखळ्या जोडायला अल्कधर्म लागतो. अर्धा चमचा खायचा सोडा घातला तर तीही चालते, पण टाकणखार स्वस्त आहे, तोच आणा. लहान मुलांपासून दूर ठेवा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हात धुवा.

लगदा १० अंशांच्या उतारावर लाटांवरून वाहायला लागला की आडव्या ओळीत मिऱ्याचे दाणे पेरा. पाच-दहा मिनिटांत ओळ कमानीसारखी वाकते: मधला भाग पुढे, कडेचे दाणे मागे. लाटांच्या खाचांत लगदा अडकून राहतो आणि वरचा त्याच्यावरून जातो, हेही ॲक्रिलिकमधून आडवं दिसतं. फक्त एक भान ठेवा: हा लगदा ॲक्रिलिकला चिकटतो, तळावर फारसा सरकत नाही. म्हणजे तो बर्फाचं आतलं वाकणं दाखवतो, घसरणं नव्हे. पुस्तिकेत दोन्हींना एकच शब्द वापरला आहे.

आता गाळ-ट्रे.

पुष्कळशा वेगवान हिमनद्यांखाली उघडा खडक नसून चिखल, वाळू, खडे आणि दगडपीठ यांचा पाण्याने भिजलेला थर असतो. त्याला टिल म्हणतात. पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स हिमप्रवाहाखाली (हिमप्रवाह म्हणजे हिमस्तरातला वेगाने सरकणारा पट्टा) असा काही मीटर जाडीचा मऊ थर आहे, हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूकंपलहरींच्या मोजणीतून पुढे आलं, आणि तेव्हापासून या विषयाचा रोखच बदलला. त्या थराची ताकद जेमतेम २ ते ५ किलोपास्कल. १ किलोमीटरच्या आसपास जाड बर्फाला अडवायला हे फारच थोडं. बराचसा रोध तिथे बाजूच्या कडांकडून येतो.

ट्रे भरायला कंपनीने ५०० ग्रॅमच्या तीन पुड्या दिल्या आहेत, तिन्हींत धुतलेली एकसारखी वाळू. ट्रेचं आकारमान २,१६० घन सेंटिमीटर. तो भरायला साधारण साडेतीन किलो कोरडा माल लागतो. म्हणजे अर्धासुद्धा भरत नाही, आणि भरला असता तरी एकाच मापाची वाळू म्हणजे टिल नव्हे. टिलची ओळखच ही, की त्यात चिकणमातीपासून गोट्यापर्यंत सगळं चाळणी न लावता एकत्र असतं. आपल्याकडचं मिश्रण सुचवतो: बांधकामाची चाळलेली वाळू ४ भाग, चिरे कापतात तिथला भुगा ३ भाग, डिचोलीच्या कुंभारांकडची माती २ भाग, ५ ते १० मिलिमीटरचे खडे १ भाग, सगळं वजनाने. साडेतीन किलोला ८०० ते ९०० मिलीलिटर पाणी. पाणी आधी मातीत कालवून मग वाळू घाला, नाहीतर मातीच्या गुठळ्या राहतात. समुद्रकिनाऱ्याची रेती नको, मिठाचा त्रास वर सांगितलाच. चिऱ्याच्या भुग्याने ॲक्रिलिक तांबूस होतं आणि ते डाग जात नाहीत. ज्याला पेटी नवीकोरी ठेवायची आहे त्याने दगडाची भुकटी वापरावी.

जाळीवर कापड अंथरायला पुस्तिका सांगत नाही. न अंथरल्यास पहिल्याच वेळी माती नळीत उतरून ती तुंबते. जुन्या सुती धोतराचे दोन पदर पुरेत.

मग भरलेल्या गाळावर लादी ठेवायची, चरखीने काट्यामार्फत ओढायची, आणि नळीला जोडलेली पाण्याची बाटली स्टँडवर हळूहळू वर न्यायची. इथे ही पेटी खरंच हुशार आहे. १ किलो २०० चौरस सेंटिमीटरवर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. बाटलीतली पातळी गाळाच्या पृष्ठभागापेक्षा ५ सेंटिमीटर वर गेली की लादीचा सगळा भार तत्त्वतः पाण्याने उचललेला असतो. गाळाचे कण एकमेकांवर जेवढे दाबले जातात तेवढंच त्यांचं घर्षण, आणि ते दाबले जातात लादीच्या भारातून पाण्याचा दाब वजा करून जे उरतं तेवढ्याने. सिव्हिलवाले याला इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणतात. हिमनदीवाले इफेक्टिव्ह प्रेशर म्हणतात, गोष्ट तीच. गाळाचा घर्षणकोन (कण एकमेकांना किती अडवतात याचं माप) ३० अंश धरला तर बाटली शून्यावर असताना लादी ओढायला हिशोबाने ५.७ न्यूटन लागावेत, बाटली २ सेंटिमीटर वर नेली की ३.४, आणि ४ सेंटिमीटरवर १.१. उतार तोच, बर्फ तोच, गाळ तोच. फक्त बाटली तळहाताच्या अर्ध्या रुंदीने वर गेली.

आणि नेमकं इथेच पुस्तिका म्हणते की पाणी 'वंगणासारखं काम करतं'. हीच ती उलटी गोष्ट. वंगण असतं तर गाळ भिजला की काम झालं असतं. बाटली वर नेऊन काय मिळालं असतं? ट्रेमधला गाळ तिन्ही वेळा सारखाच भिजलेला आहे. पाणी इथे तेलाचं नाही, जॅकचं काम करतं: गाडी उचलून धरतं, चाकावरचा भार काढतं. पावसाळ्यात घाटातला रस्ता खचतो किंवा खाणीच्या मातीचा ढिगारा सुटतो तोही याच हिशोबाने, माती निसरडी झाली म्हणून नव्हे. एवढं एक वाक्य दुरुस्त केलं असतं तर पुस्तिकेतली सगळ्यात मोठी चूक गेली असती.

प्रत्यक्षात काट्यावरचे आकडे हिशोबापेक्षा वरच राहतात, विशेषतः बाटली वर गेल्यावर. कारण पन्हळ १२ सेंटिमीटर रुंद आणि लादी १०. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरची फट राहते, पाणी तिथून वर येतं आणि लादीखाली दाब टिकत नाही. नुसत्या वाळूत तर फटीत पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, वाळू नाचते, आणि लादीखाली मात्र काही होत नाही. फटींवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पेट्रोलियम जेलीने बसवल्या की बराच फरक पडतो. मातीच्या मिश्रणात गळती कमी, पण दाब पोचायलाही वेळ लागतो. बाटली हलवल्यावर अर्धा तास थांबावं लागतं, आणि तोवर लादी वितळते. तोडगा असा: बाटली आधी लावा, गाळावर १ किलोचं लाकडी ठोकळ्याचं वजन ठेवून थांबा, मग ठोकळा काढून ताजी लादी ठेवा आणि लगेच ओढा.

पन्हळीच्या बाजूला, गाळाच्या बुडाशी, ४ मिलिमीटरचं एक भोक पाडून बूच लावा. हे कंपनीने करायला हवं होतं. बाटली ४ सेंटिमीटरवर असताना लादी सहज सरकत असते. बूच काढलं की पाणी त्या वाटेने पळतं, दाब पडतो, आणि थोड्या वेळात काटा पुन्हा चढतो. ग्रीनलंडच्या कडेला उन्हाळ्याच्या सुरुवातीला वितळलेलं पाणी तळाशी उतरतं तेव्हा बर्फ वेग घेतो, आणि पुढे पाण्याने बर्फात मोठे बोगदे कोरले की जास्त पाणी असूनही वेग उतरतो, ते याचमुळे. अलास्काच्या व्हेरिएगेटेड हिमनदीची १९८२-८३ ची उसळी (अचानक घेतलेला प्रचंड वेग) थांबली ती तळाशी कोंडलेलं पाणी पुराच्या रूपाने बाहेर पडल्यावर.

तळ सपाट असलेली लादी गाळावरून नुसती घसरते, गाळाला फारशी हलवत नाही. खऱ्या हिमनदीच्या बुडात दगड रुतलेले असतात. ते आणण्यासाठी साच्याच्या तळाशी शाळेतल्या रंगीत क्लेचा ४ मिलिमीटरचा थर द्या, त्यात ८-१० मिलिमीटरचे दहाबारा खडे अर्धे दाबा, वर पाणी ओतून गोठवा, आणि लादी काढल्यावर क्ले सोलून टाका. खडे अर्धे बाहेर राहतात. ही लादी २० सेंटिमीटर ओढून उचला आणि गाळ बघा: प्रत्येक खड्याने नांगराच्या तासासारखी चरी पाडलेली, दोन्ही बाजूंना कडा उचललेल्या, आणि शेवटी खड्यापुढे मातीचा छोटा ढीग. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही जागेवरून उठवणारी ही गोष्ट पेटीत आहे, पण पुस्तिकेत नाही.

वेगाचा प्रयोग पुस्तिकेत आहे, आणि चुकीचा आहे. तिच्या मते गाळ काकवीसारखा वाहतो: दुप्पट जोर, दुप्पट वेग. १९८७ मध्ये बोल्टन आणि हिंडमार्श यांनी आइसलंडमधल्या निरीक्षणांवरून टिल चिकट द्रवासारखा वागतो असं मांडलं होतं, त्याची ही सावली. नंतरच्या प्रयोगशाळेतल्या मोजण्यांनी ते टिकू दिलं नाही. टिलला एक मर्यादा असते. तिच्याखाली तो हलत नाही, मर्यादा ओलांडली की सुटतो, आणि सुटल्यावर वेग वाढवला तरी रोध जवळजवळ तेवढाच राहतो. पेटीवर तपासायला सोपं: चरखी मिनिटाला एक फेरा आणि मग दहा फेरे. गाळावर काट्याचा आकडा फारसा बदलत नाही. गोंदाच्या लगद्यात ठोकळा रोवून ओढला तर स्पष्ट वाढतो. दोन्ही एकामागोमाग करा, फरक आपोआप कळतो.

२०२० मध्ये ल्यूक झोएट आणि नील आयव्हरसन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जो नियम मांडला त्यात दोन्ही टोकं जोडली आहेत: बर्फ हळू असताना त्याच्या बुडातले खडे गाळ नांगरतात आणि वेगाबरोबर रोध वाढतो, ठरावीक वेगापुढे गाळच कापला जाऊ लागतो आणि रोध सपाट होतो. त्यांचं यंत्र गोल होतं, सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाचं बर्फाचं कडं गाळावर फिरवणारं, वितळबिंदूवर नेमकं धरून. गोल कशासाठी, ते आपल्या पन्हळीवरून लगेच समजतं. ६० मधून लादीचे २० गेले की ४० सेंटिमीटरची धाव. गाळाचे कण नव्याने जुळून रोध स्थिर व्हायच्या आत टोक येतं. म्हणून पहिल्या दहा सेंटिमीटरचे आकडे सोडून द्या. पुस्तिकेतल्या तक्त्यात नेमके तेच भरायला सांगितलं आहे.

दाबून भरलेला गाळ सुरुवातीला जास्त अडवतो, याचं कारण समजून घ्यायला मिरामारच्या किनाऱ्यावर जा. भरती उतरल्यावरच्या ओल्या रेतीवर पाय दाबा: पायाभोवतीची रेती क्षणभर कोरडी पडल्यासारखी फिकी होते. घट्ट बसलेले कण सरकायला एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते, पाणी आत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनी १८८५ मध्ये सांगितलेली ही गोष्ट. टिलमध्येही तेच: कापला जाऊ लागला की तो फुगतो, छिद्रांतला दाब पडतो, आणि बाहेरून पाणी पोचेपर्यंत गाळ तात्पुरता कडक होतो. मातीचं प्रमाण जास्त असेल तर पाणी पोचायला उशीर, कडकपणा जास्त वेळ.

चरखीच्या दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी लावा. लादी थांबते, पट्टी ताणते, लादी झटक्याने पुढे जाते, पुन्हा थांबते. व्हिलन्स हिमप्रवाह असाच चालतो, भरती-ओहोटीच्या तालावर दिवसातून साधारण दोनदा, अर्ध्या तासात सुमारे अर्धा मीटर, आणि मधल्या वेळात जवळजवळ गप्प. पट्टी पेटीत नाही.

तांब्याच्या तारेचा प्रयोग जुनाच: दोन्ही टोकांना एकेक किलो टांगून तार लादीतून खाली जाऊ द्यायची, मागे बर्फ पुन्हा जुळतो. ०.३ मिलिमीटरच्या तारेने ५ सेंटिमीटर रुंद बर्फावर दाब येतो १३ लाख पास्कलच्या आसपास, आणि त्याने वितळबिंदू खाली जातो अंशाच्या फक्त एक दशांशाने. ३२ अंशांच्या खोलीत टांगत्या तारेतून जी उष्णता आत येते ती याच्यापुढे कितीतरी मोठी. तार कापते ती बरीचशी गोव्याच्या उकाड्याने. सगळं बर्फाच्या चुऱ्यात, थर्मोकोलच्या पेटीत करा (इथे मात्र मासळीचा चुरा चालतो), आणि शेजारी तेवढ्याच जाडीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) लावून दुसरी लादी ठेवा. तांबं उष्णता मागून पुढे पोचवतं, तंगूस पोचवत नाही. तांबं कितीतरी पुढे निघून जातं. वीर्टमनच्या छोट्या उंचवट्याचं मर्म लाटांच्या पाटापेक्षा इथे जास्त दिसतं.

पुस्तिकेतली उदाहरणं सगळी ग्रीनलंडची. गोव्यात शिकवताना वास्कोच्या हेडलँड सड्यावरचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र डोळ्यांसमोर आहे. त्याचं 'हिमांश' केंद्र २०१६ पासून स्पितीत १३,५०० फुटांहून वर आहे आणि चंद्रा खोऱ्यातल्या सुत्री ढाकासारख्या हिमनद्यांवर तिथून काम चालतं. मुलांना ते जवळचं वाटतं.

कुणी घ्यावी? अकरावी-बारावीचा भूगोल किंवा भूशास्त्र, आणि सिव्हिल डिप्लोमाची पहिली वर्षं यांना गाळ-ट्रेसाठी जरूर. सिव्हिलच्या मुलांना इफेक्टिव्ह स्ट्रेस फळ्यावरच्या सूत्रापेक्षा बाटली वर-खाली करून लवकर कळतं. आठवीच्या खाली घेऊ नका. तिथे गोंदाचा लगदा घरच्या ताटातही होतो. पेटी आल्याबरोबर दोन गोष्टी तपासा: नळी जिथे ट्रेला जोडते तो सांधा (आमच्या पाहण्यातल्या दोन पेट्यांपैकी एकीचा पहिल्याच दिवशी गळत होता, बदली नळी महिन्याने आली) आणि उतार देणारा स्क्रू. तो स्क्रू साध्या लोखंडाचा आहे. जून ते सप्टेंबर गंजतो आणि अर्ध्या कोनावर अडकून बसतो. म्हापशाच्या कुठल्याही हार्डवेअरमधून त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा आणून पावसाआधी बदला. लगदा मोरीत टाकू नका, नळ तुंबतो. व्हिनेगर घालून ढवळला की तो सुटून पातळ होतो. साधं बाटलीतलं व्हिनेगर वापरा, माडाचं चांगलं व्हिनेगर त्यात घालवू नये.